कोयत्याच्या तळावर : पाळीच्या कामाच्या नोंदी, हंगाम २०२४-२५

६ ऑक्टोबर २०२४, धारूर तालुका

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबरोबर मासिक पाळीचं काम करते, त्याच्या नोंदी आजपासून लिहायला घेतल्यात. गेल्या वर्षी सगळं डोक्यात ठेवलं आणि मार्चमध्ये रिपोर्ट मागितला तेव्हा कुठल्या तळावर काय दिलं हेच आठवेना, म्हणून यंदा वही.

पुण्याहून पॅडचे ३८ खोके आलेत. समाजमंदिरात एका बाजूला रचून ठेवलेत, वरून सतरंजी टाकलीय कारण गावातली पोरं विचारतात काय आहे. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे त्यात काही वाद नाही, पण खोके आधी आले आणि बायकांची मीटिंग नंतर झाली, इथंच आपलं उलटं झालं.

मीटिंगला सत्तावीस जणी होत्या. दोन तांड्यावरच्या म्हाताऱ्या होत्या त्यांना मराठी कळतं पण बोलतात गोरमाटी (बंजारा बोली), त्यांच्या सुनेनं मधे मधे सांगितलं. मी नेहमीचं सुरू केलं, पाळी म्हणजे काय, स्वच्छता कशी ठेवायची, चार्ट वगैरे. दहा मिनिटांत एक मावशी उठल्या आणि म्हणल्या, "बाई, ते आमाला ठाव हाय. पॅडचं राहू द्या, तिथं आधी आडोसा करा. ऊसाच्या रानात बदलायचं कुठं?" मग सगळ्याच बोलायला लागल्या. लिहून घेतलं ते असं : आडोसा, पाणी, रात्री गाडी भरायला आल्यावर अंधार, आणि खाडा (एक दिवस बसलं की कापले जाणारे पैसे). पॅड चौथ्या पाचव्या नंबरला आलं आणि तेसुद्धा मी विचारलं म्हणून.

बाहेरच्यांसाठी थोडं लिहून ठेवते (हे रिपोर्टमध्ये लागेलच). नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा, दिवाळीच्या आधी उचल (आगाऊ पैसे) देतो, ती पन्नास हजारापासून लाखाच्या पुढं कितीही असते, आणि हंगामात ऊस तोडून ती फेडायची. एकजण बसला की कोयता बसला. त्या दिवसाचा खाडा मुकादम कापतो, वर तोडीचे पैसे बुडतात. म्हणजे पाळीच्या दिवशी पोटात कितीही दुखू दे, बसायचं नाही.

मीटिंग संपल्यावर एकजण थांबली, वय सांगितलं तेहेतीस. "माजी पिशवी काढलीया, आता मला काय नको" एवढंच म्हणली आणि गेली. पिशवी म्हणजे गर्भाशय. म्हणताना चेहऱ्यावर सुटल्यासारखं होतं. २०१९ ला हे पेपरात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहात एक. आजच्या सत्तावीसमध्ये किती असतील ते मी विचारलं नाही, सगळ्यांसमोर विचारायची गोष्ट नाही ती.

१० ऑक्टोबर

किटमध्ये काय घालायचं यावरून टीममध्ये भांडण. मी म्हणलं निकर घालू. पुण्याच्या ताई म्हणल्या निकर कशाला, बजेट पॅडचं आहे. अहो पण पॅड चिकटवायचं कशाला? साडीखाली निम्म्या बायका निकर घालतच नाहीत, कमरेला नाडी बांधून त्याला कापड अडकवतात, चिकटवायचं पॅड तिथं काय कामाचं. ३८ खोके आले आणि ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, माझ्याही नाही, गेल्या वर्षी मी पण तशीच वाटली होती पाकिटं.

शेवटी ठरलं : प्रत्येकीला तीन निकर, गडद रंगाच्या (मरून, चॉकलेटी, पांढऱ्या बिलकुल नको), चार कापडी पॅड, दोन पाकिटं आलेल्यातली, कपडे धुवायचा साबण, झाकणाची छोटी बादली, आणि एक डोक्याला लावायची बॅटरी. बॅटरीला पण विरोध झाला, की याचा पाळीशी काय संबंध. म्हणलं एकदा रात्री दोन वाजता फडात (ऊसतोड चालते त्या रानात) चला.

साइजचा घोळ वेगळाच. बायका साइज सांगायला लाजतात, मी नजरेनं अंदाज केला आणि माजलगावच्या होलसेलवाल्याकडं यादी दिली तर तो दुकानातून ओरडला, "ताई, ९५ च्या किती डझन?" सगळा बाजार बघतोय.

२२ ऑक्टोबर

कापडी पॅड बचत गटाच्या बायका शिवतायत. आत फ्लॅनेलचे चार थर, वर सुती, आणि खाली पाणी न झिरपणारं कापड. ते कापड पुण्याहून मागवायला उशीर होत होता म्हणून गटातल्या एकीनं सुचवलं की पिशव्या शिवतात ते रेक्झिन लावू. लावलं. बावीस पॅड शिवून झाले, आणि पहिली ट्रायल त्यांनी स्वतःवरच घेतली. तिसऱ्या दिवशी दोघींच्या मांड्यांना पुरळ! बावीसच्या बावीस उसवले. आता पुण्याहून योग्य कापड आल्यावरच पुढं.

टेस्ट आम्ही अशी करतो, वाटीत मापून साठ मिली पाणी हळूहळू ओतायचं आणि खाली टिश्यू ठेवायचा, ओला झाला की नापास. पाण्यात थोडं कुंकू घातलं म्हणजे दिसतं नीट, तर शेजारच्या आजी कुंकू वाया घालवताय म्हणून रागावल्या.

चार पॅडच्या संचाचा खर्च शंभराच्या जरा वर जातोय. कुणीतरी विचारणारच म्हणून लिहिते : जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक आहे, आशाताईंकडं सरकारी योजनेतलं सहाचं पाकीट सहा रुपयाला, अस्मिता योजनेत शाळेतल्या मुलींना पाच रुपयात आठ मिळायचे. २०१८ ला जीएसटी पण काढला. म्हणजे कागदावर स्वस्त आहे सगळं. पण जनऔषधी केंद्र तालुक्याला, आशाताईंच्या यादीत गावातल्या बायका, आणि ह्या बायका वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतातच. ज्या गावात जातात तिथल्या आशाताईंच्या यादीत पण नसतात.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासणी केली, जायच्या आधी करायची म्हणून नियमच आहे आता बीडमध्ये, पण नियम आणि स्ट्रिप्स दोन्ही एकाच दिवशी मिळणं म्हणजे योग. ६१ जणी झाल्या. बाराच्या वर अगदी थोड्या. सात-आठच्या घरात पण निघाल्या आणि त्या पण मस्त चालत आल्या होत्या, चक्कर येते का विचारलं तर म्हणतात "ती तर रोजच येते."

लोहाच्या गोळ्या दिल्या. यावेळी दोन गोष्टी आधीच सांगितल्या, शौच काळी होते घाबरू नका, आणि गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. गेल्या वर्षी हे सांगितलं नव्हतं आणि गोळ्या तळावर कोप्यांच्या (झोपड्यांच्या) मागं पडलेल्या मिळाल्या होत्या. चहाचं ऐकून हसल्या, कारण फडात सकाळी चहाच असतो, त्यावरच दहा अकरापर्यंत चालतं. मग ठरलं की रात्री झोपताना.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं, आज पहाटेपासून गाड्या हलल्या. हंगाम १५ तारखेपासून सुरू आहे पण बऱ्याच टोळ्या मतदानासाठी थांबवल्या होत्या. एका ट्रकमध्ये माणसं, बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या, चूल, पोरं, सायकल. किट गाडी निघायच्या वेळी दिलं, ही चूक झाली, गडबडीत निम्म्यांनी पोत्यात टाकलं आणि पोतं खाली गेलं. गावात राहिलेल्या म्हाताऱ्या नातवंडांना धरून उभ्या होत्या. जास्त लिहीत नाही आज.

३ डिसेंबर, कृष्णाकाठ, वाळवा तालुका

तळावर पोचले. बत्तीस कोप्या, नांगरलेल्या रानात. कोपी म्हणजे कळकाच्या कमानी, वर पाचट आणि ताडपत्री, आत वाकून जायचं. पाणी टँकरचं, येईल तेव्हा. संडास नाही, बाथरूम नाही. बायका पहाटे साडेतीनला उठतात, भाकरी करून पाचच्या आत फडावर. अंघोळ रात्री अंधार पडल्यावर, कोपीच्या मागं दगड टाकून, साडी नेसूनच.

किट बघितले. निकर वापरतायत, बॅटरी तर सगळ्यांच्या डोक्याला (नवऱ्यांच्या पण, त्याला काय करणार). साबण संपला, लेकरांचे कपडे धुवून. पाकिटातली पॅडं मात्र... एकीनं उघडून आतलं मऊ काढून चुंबळीत भरलेलं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं असतं ना, टाळू दुखतो, तर ते मऊ लागतं म्हणे. दुसरीनं बुटात टाचेखाली घातलेलं. मला आधी राग आला. रात्री त्यांच्याबरोबर गाडी भरायला गेले, दीड वाजता आली गाडी, मी एक मोळी डोक्यावर घेऊन बघितली आणि तीन पावलांत खाली टाकली. राग गेला.

वापरलेली पॅडं कुठं टाकता विचारलं. ऊसातच, पाचटाखाली. पाचट पेटवतात तेव्हा जळतं. काही जणी म्हणल्या आम्ही जाळत नाही, रक्त जाळलं की पोर होत नाही. त्या पुरतात, कुत्री उकरतात.

१५ डिसेंबर

आडोशाचं काम. बजेटमध्ये दोन बाथरूम : कळक, हिरवी शेडनेट, खाली चार फरश्या, कडेला पाणी जायला चर. मुकादमाला विचारलं, "दादा, कुठं बांधू?" ते म्हणले रानमालकाला विचारा. रानमालक म्हणले फरश्या नको, नंतर नांगराला लागतील. फरश्या उचलून नेऊ असं कबूल केलं, तेव्हा परवानगी.

संध्याकाळी उभं झालं. फोटो काढून ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. रात्री पहिली बाई आत गेली, डोक्याला बॅटरी, आणि बाहेरून सगळं दिसायला लागलं, सिनेमाच्या पडद्यासारखी सावली! पोरं हसायला लागली, ती बिचारी तशीच बाहेर आली. मी तिथंच बसून राहिले, काय बोलावं सुचेना. दिवसा शेडनेट बाहेरून बंद दिसते, रात्री आत उजेड असला की उलटं होतं, हे किती साधं आहे. आम्ही दिवसा बांधलं, दिवसा बघितलं, आणि वापरायचं होतं रात्री.

१८ डिसेंबर

उपाय एका तोडकऱ्यानंच काढला. निवडणूक होऊन गेली, फ्लेक्सची काय कमी! गावातल्या डेकोरेशनवाल्याकडं जुने फ्लेक्स पडून होते, पाच मोठे दिले त्यानं फुकट. नेटच्या आतून लावले. आता प्रश्न आला की तोंड कुठल्या बाजूला करायचं. बायका म्हणल्या पुढाऱ्याचं तोंड भायेर करा, आत बघत बसला तर? सगळ्या इतक्या हसल्या, मी या तळावर आल्यापासून पहिल्यांदाच. तर आता दोन बाथरूमवरून हात जोडलेले साहेब फडाकडं बघतायत आणि आतल्या बाजूला कोरं पांढरं. पक्ष कुठला ते लिहीत नाही.

आजपासून रांग लागते आंघोळीला. पाळी नसलेल्यांची पण. असंच पाहिजे होतं, कारण नुसतं पाळीसाठी म्हणून बांधलं असतं तर तिकडं जाणारी प्रत्येकजण सगळ्या तळाला कळली असती.

२६ डिसेंबर

कापडी पॅडचं गणित चुकतंय. धुण्याची अडचण नाही, आधी गार पाण्यात मग साबण, हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती, गरम पाण्यानं डाग बसतो हे कुठल्याही बाईला माहीत असतं. अडचण वाळवण्याची. पहाटे अंधारात जातात, अंधारात येतात, ऊन फक्त आम्ही प्रोजेक्टवाल्यांनीच बघायचं. कोपीच्या आत दोरीवर साडीखाली टाकतात, नदीकाठचं धुकं, दोन दोन दिवस ओलं राहतं. ओलंच परत घेतलं की खाज, मग अंगावरून पांढरं जाणं, मग दवाखाना.

तळावर दिवसा कोण असतं? लहान लेकरं आणि त्यांना सांभाळणारी एखादी आठ-नऊ वर्षांची पोरगी (शाळेत असायला हवी, तो वेगळा विषय, त्यावर बोलायला गेलं की हे काम राहील) आणि एक सासूबाई, वय झालेल्या, कोयता सुटलेला. या आजी तयार झाल्या. कोप्यांच्या मागं उन्हाला दोरी, त्यावर जुनी पातळ साडी, आणि साडीखाली पॅडं. प्रत्येकीच्या पॅडला वेगळ्या रंगाचा दोरा शिवला म्हणजे बदलणार नाहीत. आजी आधी म्हणल्या दुसऱ्याचा विटाळ मी कशाला हात लावू, मग म्हणल्या लावते, माझी काय आता पाळी हाय का देव हाय. ह्या वाक्याचा अर्थ मला अजून नीट लागला नाही, पण त्या रोज करतात.

फडात मात्र बायका आता पाकिटातली वापरतात, रात्री कापडी. म्हणजे पुण्याचे खोके वाया गेले नाहीत, हे कबूल करायला पाहिजे. वापरलेल्यासाठी तळाच्या कडेला कमरेएवढा खड्डा, वर पत्र्याचं झाकण आणि दगड, आठवड्याला थोडा चुना आणि माती. प्लॅस्टिक त्यात कुजणार नाही हे मला माहितेय. कुत्र्यांच्या तोंडात नाही एवढंच.

१० जानेवारी २०२५

खाड्याबद्दल मुकादमांशी बोलले, दोन तास. चहा झाला, परत चहा झाला. मी हिशोब मांडला : गेल्या जानेवारीत दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ चे ३६६ झाले, एक कोयता दिवसाला दोन टनाच्या आसपास तोडतो, म्हणजे सातशेच्या वर बुडाले, त्यावर पाचशे खाडा, म्हणजे एका दिवसाच्या पाळीला बाराशे रुपये. ते शांतपणे ऐकून घेत होते, मग म्हणले, "मॅडम, मला कारखान्याची गाडी भरून द्यावी लागती. मी पण उचल घेतलीया, माझी जमीन अडकलीया. एकीला सोडली की उद्या दहा जणी." त्यांचं पण खोटं नाही. पण मी उठताना त्यांची बायको आतून म्हणली, "आपण तोडीला होतो तवा तुमी मला कधी बसू दिलं?" मुकादम काही बोलले नाहीत.

खाडा काही सुटला नाही. नंतर फडात बघितलं तर बायकांनी आपापसात आधीपासूनच एक केलंय, जिची पाळी ती फक्त पाला साळते आणि मोळी बांधते, डोक्यावर न्यायची शेजारचीनं, पुढच्या आठवड्यात फिटंफाट. कुणी शिकवलेलं नाही. आमच्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये "प्रकल्पामुळे झालेला बदल" असा रकाना आहे, तिथं हे लिहायचा मोह झाला होता. लिहिलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. रात्री नऊला तळावर हळदीकुंकू, तिळगूळ गुळाचाच. वाण म्हणून आम्ही साबण दिला. विधवा बायकांना पण बोलावलं, दोघी आल्या, एक कोपीच्या दारातच थांबली. एकीची पाळी होती, ती म्हणली मी नाही येत, तर तिला कुंकू लांबून टाकलं जावेनं, हवेत, कपाळावर कमी आणि नाकावर जास्त. हसून हसून पुरेवाट.

२९ जानेवारी

अवघड दिवस. एकजण, वय एकोणतीस, तीन लेकरं, लग्न सोळाव्या वर्षी. पंधरा दिवसांपासून अंगावरून जातंय, थांबत नाही. नवरा परवा जवळच्या गावात एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला, सोनोग्राफी झाली, सांगितलं पिशवी खराब आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. पस्तीस हजार. नवरा मुकादमाकडं पुढच्या वर्षीची उचल मागायला गेला, म्हणून मला कळलं.

मी तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. सकाळी आठला निघालो, साडेबाराला नंबर लागला. हिमोग्लोबिन ६.८. डॉक्टर बाई नवीन होत्या, तरुण, पण नीट बघितलं, आतून तपासलं, जुना जंतुसंसर्ग आहे म्हणल्या, गाठ वगैरे काही दिसत नाही. रक्तस्राव थांबायच्या गोळ्या, अँटिबायोटिक नवरा-बायको दोघांना, आणि लोहाचं सलाईन एक दिवसाआड. कॅन्सरची तपासणी पण करून घेतली. पिशवी काढायचं कारण नाही असं स्पष्ट लिहून दिलं.

येताना टेम्पोत ती मला म्हणली, "ताई, पण काढलेलीच बरी ना? दर महिन्याची कटकट जाईल. माज्या जावंनं काढली, ती आता बिनघोर ऊस तोडती." हे मला दरवर्षी ऐकायला लागतं. भीती कॅन्सरची दाखवतात, पण आतून ओढ ह्या कटकटीपासून सुटायची असते, खाड्यापासून, ओल्या कापडापासून, आणि आडोसा नसण्यापासून, त्यामुळं दवाखानेवाल्याला फार काही पटवावं लागत नाही. मी सांगितलं की तिशीच्या आत पिशवी काढली, त्यात अंडाशय पण गेले, तर लगेच पन्नाशीतल्या बाईसारखं होतं, अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, कंबर जाते, मग मोळी कशी उचलशील. जाऊबाईची कंबर कशी आहे विचारलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणली, दुखती.

बीडमध्ये २०१९ नंतर खाजगीत पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते असं केलं. चांगलं आहे. पण बाई वर्षातले पाच महिने बीडमध्ये नसते, तिथं तो नियम काय करणार. सर्वोच्च न्यायालयानं पण एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करा. त्या सूचनांचं मराठी पत्रक करून आणलं होतं, टेम्पोत तिच्या नवऱ्याला दिलं, त्यानं घडी करून खिशात ठेवलं. वाचता येतं का ते विचारायचं राहिलं.

सलाईनच्या दिवसांचा खाडा आम्ही प्रकल्पातून भरला. बजेटमध्ये असं हेडच नाही, "प्रवास" मध्ये टाकलंय. पुण्याच्या ताईंना फोनवर सांगितलं, त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणल्या टाक.

११ फेब्रुवारी

तिचं रक्त जाणं थांबलंय. हिमोग्लोबिन ८.९. सलाईन दोन राहिली कारण टोळी दुसऱ्या फडावर, बारा किलोमीटर लांब हलली. नवीन तळावर बाथरूम न्यायची तर ट्रॅक्टरमध्ये जागा नाही. एका रात्रीत कळक उपटून, फ्लेक्स गुंडाळून, फरश्या सोडून (रानमालकाला शब्द दिला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि चिटबॉय (कारखान्याचा चिठ्ठ्या देणारा माणूस) दोघांनी फरश्या उचलून बांधावर ठेवल्या, त्यानं का मदत केली देव जाणे) नेलं. खड्डा बुजवला. बायकांनी स्वतः बाथरूम उभं केलं, माझ्याशिवाय, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

६ मार्च

यंदा ऊस कमी, कारखान्याचा पट्टा लवकर पडतोय, म्हणजे हंगाम लवकर संपतोय. बऱ्याच कोयत्यांची उचल फिटलीच नाही, राहिलेली पुढच्या वर्षावर. त्यामुळं तळावर मूड खराब, पाळी-बिळी कुणाला बोलायची नाही. मी पण हिशोबाच्या दिवशी लांब राहिले.

देणगीदारांचा मेल आलाय, फोटो पाहिजेत, महिला हातात पाकीट धरून हसताना. मी बायकांना विचारलं, एकजण तयार झाली, नवरा नाही म्हणला. मी दोरीवरच्या साडीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर : यात काही दिसत नाही. म्हणलं तेच तर काम आहे, काही दिसू नये म्हणूनच केलंय. मेल तसा पाठवला नाही अर्थात, नम्र लिहिलं, आणि फ्लेक्सच्या बाथरूमचा फोटो जोडला साहेबांचं तोंड क्रॉप करून.

२४ मार्च, धारूर तालुका

परत आल्यावरची तपासणी. जायच्या आधीच्या ६१ पैकी ४४ सापडल्या, बाकीच्या पुण्याकडं बांधकामावर नाहीतर दुसऱ्या गावी. गोळ्या नियमित घेतलेल्यांचं रक्त थोडं वाढलं किंवा तेवढंच राहिलं. न घेतलेल्यांचं उतरलं. यात मोठं काही नाही. कापडी पॅड वर्षभर टिकतील असं आम्ही म्हणलो होतो, निम्म्यांचे बटण तुटलेत, पुढच्या वेळी नाडी लावायची. रंगीत दोऱ्याची आयडिया सगळ्यांना आवडली.

ती एकोणतीसवाली भेटली. बरी आहे. म्हणली पुढच्या वर्षी बघू पिशवीचं. मी काही बोलले नाही, आशाताईंचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला, फोटोसकट, कारण नाव वाचता येत नाही.

२८ मे

मासिक पाळी स्वच्छता दिन, तालुक्याला हॉलमध्ये कार्यक्रम. भाषणं झाली, २८ तारीख का तर पाळीचं चक्र २८ दिवसाचं आणि मे का तर पाचवा महिना, पाच दिवस, हे तीन वक्त्यांनी सांगितलं. बाहेर अवकाळी म्हणता म्हणता खरा पाऊसच लागलाय. आमच्या गावच्या सात बायका टमटमनं आल्या होत्या. त्या मावशी, पहिल्या मीटिंगमध्ये उठलेल्या, त्यांना माईक दिला. त्या म्हणल्या, "सायबांचे फलेक चांगले होते. पाऊस आल्यावर एक कोपीवर टाकला, गळत न्हाई." आणि खाली बसल्या. सभागृहात कुणाला काही कळलं नाही, आम्ही आठजणी तेवढ्या हसलो.

पुढच्या हंगामासाठी यादी आजच करून ठेवते. निकर आधी, साइज आशाताईंनी घ्यायचं. किट गाडी निघायच्या आठ दिवस आधी. मोळीसाठी चुंबळ वेगळी शिवून द्यायची, जाड. बाथरूमचा सांगाडा घडी होणारा, ट्रॅक्टरच्या फाळक्याला बांधता येईल असा, वेल्डिंगवाल्याला माप दिलंय, तो म्हणतो पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा करू. झेडपीच्या निवडणुका लागल्या तर फ्लेक्स मिळतील, नाही लागल्या तर विकत आणायचे, ते बजेटमध्ये "प्रचार साहित्य" खाली टाकू का हे पुण्याला विचारायचंय.